काटा रिकाम्यावर

अहो, महिना झाला तुम्हाला जाऊन, आणि मी अजून धड रडलेले नाही. रडायला बसलं की राग येतो. रागवायला बसलं की तुमची बोटं आठवतात, कापड मापताना भरभर चालणारी, आणि मग ना धड राग ना धड रडू. उठते, भांडी घासते, शाळेत जाते.

गल्लीत अजून तोच विषय आहे. तुमच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू गेली, जीभ गेली. चौघांनी उचलून तुम्हाला तुमच्याच मोटारीत मागच्या सीटवर निजवलं, आणि काटा पाहिला तर पेट्रोल नाही. सुखदेव सायकल घेऊन, यंदा सडकेचं काम काढलेल्या ठेकेदाराच्या तळावर, पेट्रोल आणायला पळाला आणि तो येईपर्यंत तुम्ही दारातच संपलात. शेजारच्या गोदामावशी सांगतात, तुम्ही डाव्या हाताने पुढच्या सीटच्या पाठीवर सारख्या थापा मारत होतात आणि काट्याकडे बोट करत होतात. लोक म्हणत होते, "भाऊ, धीर धरा, पेट्रोल येऊन राह्यलं." धीर कसला धरता! टाकी निम्म्याच्या वर भरलेली होती, आणि हे त्या गर्दीत एकट्या तुम्हाला ठाऊक होतं. चाबी फिरवा आणि निघा, एवढंच तुम्हाला म्हणायचं होतं. आयुष्यभर कापडाच्या दुकानात बसून जिभेवर धंदा केलात, आणि ऐन वेळी तीच दगा देऊन गेली. बरं झालं, असं माझ्या मनात आलं होतं. पहिल्या दिवशीच आलं होतं. तुमच्यापाशी काय लपवायचं?

तसं चांगलंही आठवतं की. नवं राज्य झालं त्या साली ती काळी मोटार आणलीत. बुलढाण्याच्या एका म्हाताऱ्या वकिलाला डोळ्यांनी दिसेनासं झालं म्हणून त्यांनी ती विकायला काढली होती. आपल्या धाडमध्ये तेव्हा एस.टी. यायची, बाजाराच्या दिवशी भाड्याच्या जीपा यायच्या, पण घरची मोटार कोणाची नव्हती. मी तिला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवला. तुमची सगळी भावकी ओट्यावर उभी होती. तुम्ही पुढचं दार उघडलंत आणि म्हणालात, "बसा मास्तरीणबाई." पुढे! नवऱ्याच्या शेजारी! तुमच्या काकूने तोंडाला पदर लावला. मी शाळेत नोकरी धरली तेव्हाही याच लोकांनी नाकं मुरडली होती, आणि तुम्ही म्हणाला होतात, "ते पोरी शिकवल, मी कापड विकीन. ज्याले पाहायचं त्यानं पाहावं." असा नवरा मिळायला नशीब लागतं, हे मी कौसल्याला कितीदा सांगितलं असेल.

कौसल्या म्हणजे सुखदेवची बायको. मळ्यातली पहिली मेथी देवाला दाखवायच्या आधी आपल्या दारात आणून टाकायची. आणि सुखदेव म्हणजे तुमची सावलीच. त्याची वांगी-मिरची डिकीत घालून तुम्ही दोघं बुलढाण्याच्या बाजाराला जायचात. गाडी चालवायलाही तुम्हीच शिकवलंत त्याला. गावात ती गाडी हाकू शकणारी माणसं दोनच होती, एक तुम्ही आणि एक तो.

गावात मोटार एकाची राहत नाही. नवरदेव आणायचा, मोटार. सासरी निघालेली पोर, मोटार. कोणाचा म्हातारा घाबरा झाला, मोटार. पहिलं वर्ष तुम्ही हौसेने गेलात. फेटा बांधून गेलात. मग कंटाळलात, आणि त्यात मला काही वाईट वाटत नाही, कोणीही कंटाळलं असतं. पेट्रोल बुलढाण्याहून डब्यातून आणायचं तुम्ही आणि जाळायचं साऱ्या गावाने. तोंडावर नाही म्हणायचं धाडस मात्र तुमच्यात नव्हतं. गोड माणूस ना तुम्ही! गिऱ्हाईक हातचं जाईल, नाव जाईल. "नाही" हा शब्द तुम्ही घरात एकट्या मला ऐकवायचात.

मग ते लग्न झालं. नवरदेव पुढे बसला होता, हातात कट्यार, टोकाला लिंबू खोचलेला. गाडीने नाल्यात गचका खाल्ला आणि कट्यारीची मूठ जाऊन पेट्रोलच्या मीटरवर बसली. काच फुटली, काट्याचं टोक तुटलं, आणि उरलेला काटा लुळा होऊन रिकाम्याच्या खुणेवर पडला. तुम्ही चार दिवस जेवला नाहीत नीट. पण त्याच चार दिवसांत कोणीतरी गाडी मागायला आलं, त्याने आत वाकून पाहिलं, काटा रिकाम्यावर दिसला, आणि तो बिचारा आपणहून म्हणाला, "जाऊ द्या भाऊ, तुमच्या गाडीत तर पेट्रोलच नाही." आणि गेला. तुम्हाला काही बोलावं लागलं नाही.

काटा दुरुस्त केलात तो रविवार मला लख्ख आठवतो. मीटर काढून माजघरात आणलंत. दुकानातलं पांढरं मांजरपाट अंथरलंत. ज्वारीच्या धांड्याची साल नखाने सोलून तिची केसासारखी काडी केलीत, कारण काटा जड झाला तर उचलत नाही म्हणालात. माझ्या डोक्यातली पिन मागितलीत. चपडा, म्हणजे पॉलिशची लाख, स्पिरिटात विरघळवला, पिनेच्या टोकावर थेंब घेतला आणि तुटक्या काट्याला ते नवं टोक जोडलंत. तोवर मी श्वास धरून बसले होते. रंग हवा होता, मी माझं कुंकू दिलं. चपड्यात कुंकू कालवून तुम्ही काटा लाल केलात आणि माझ्याकडे बघून हसलात. लग्न झाल्यापासून आपण दोघांनी मिळून केलेलं ते पहिलंच काम असावं. मग म्हणालात, "चहा टाक." मी चुलीपाशी गेले. परत आले तर वर नवी काच बसलेली.

"झाला?"

"झाला."

काटा रिकाम्यावरच होता. मला वाटलं, मीटर गाडीच्या बाहेर आहे, आणखी कुठे असणार? गाडीत बसवल्यावरही तो तिथेच राहिला. मी विचारलं तर म्हणालात, "लोकं पेट्रोल ठिवतात काय गाडीत?" मला पटलं. नवऱ्याचं पटवून घ्यायची सवय असते बायकांना. माझ्या पिनेने, माझ्या कुंकवाने तुम्ही काटा नवा केलात, आणि मी चहा गाळत होते तेवढ्यात त्याच्या पोटाखाली चपड्याचा एक थेंब ठेवून तो कायमचा खिळवून टाकलात. धन्य तुमची!

तेव्हापासून तुमचं नाव आणखी चांगलं झालं. जो येईल त्याला हाताला धरून गाडीपाशी न्यायचात, दार उघडून आत बसवायचात. "गाडी तुमचीच हाय, पण पाहा नं, थेंब नाही." वर कपाळावर हात मारून घ्यायचात. लोकच तुमची समजूत काढत परत जायचे.

आणि कौसल्या अडली.

सुईणीने सकाळीच हात टेकले. मी शाळेत होते. सुखदेव पळत आला, आणि तुम्ही त्यालाही हाताला धरून नेलंत. तुमच्या सावलीला! काट्यापुढे बसवलंत. त्याने काटा पाहिला आणि म्हणाला, "राहू द्या भाऊ, तुमचा काय दोष." त्याने बैलगाडी जुंपली. बुलढाण्याच्या अलीकडे, चढावर, ती गेली. मूल पोटातच राहिलं. सवाष्ण गेली म्हणून तुम्ही दुकानातलं सगळ्यात भारी हिरवं लुगडं काढून दिलंत. मीच ते तिला नेसवलं. निऱ्या काढताना माझ्या मनात आलं, माझा नवरा किती मोठ्या मनाचा आहे.

यंदा शाळेच्या कामाला बुलढाण्याला जायचं होतं. तुमच्याबरोबर गाडीतून निघाले. काटा रिकाम्यावर. बुलढाण्यात तुम्ही पंपावरून सरळ पुढे गेलात. परत निघालो तरी काटा रिकाम्यावरच, आणि गाडी आपली मजेत पळतेय. मी म्हटलं, "अहो, ही चालते तरी कशावर?" तुम्ही मोठ्याने हसलात. सीटखालून एक तुराटी, तुरीची वाळकी काडी, काढलीत, तिच्यावर चाकूने खुणा केलेल्या. टाकीत बुडवून पेट्रोल मापायची. "खरं मीटर हे. ते वरचं लोकायसाठी." केवढे खूश होतात! आणि खरं सांगते, आधी मीही हसले. तुमची अक्कल बघून हसले.

मग तो चढ आला.

मी विचारलं, "कौसल्याच्या वेळी होतं पेट्रोल?"

तुम्ही गिअर बदललात. मग गिऱ्हाइकाला कापडाचा गुण सांगावा तशा आवाजात म्हणालात, "त्याच हप्त्यात सीटांले मखमलीच्या खोळी घातल्या होत्या. बाळंतपणाचा डाग मखमलीवरून जात नाही. तुले मालूम हाय."

दुसऱ्या दिवशी बॅग भरली. तुम्ही दारात उभे. मी म्हटलं, "काटा मोकळा करा आणि सुखदेवच्या घरी जाऊन त्याला स्वतःच्या तोंडाने सांगा. तोवर मी येत नाही." तुम्ही म्हणालात, "जा बापा. चार दिवसांनी मीच येतो न्यायले, मोटार घेऊन." चेष्टाच वाटली तुम्हाला ती.

जळगाव जामोदला माहेरी गेले खरी, पण रस्त्यावर कुठे हॉर्न वाजला की मी ओट्यावर यायचे. भावजय हसायची. मला वाटायचं, येतील. तोंड पाडून येतील, पण सांगून येतील. तुम्ही यावं म्हणून मी इतकी वाट पाहिली, हे तुम्हाला सांगायचंच राहिलं. दारात मोटारीऐवजी तारवाला आला.

गाड्या बदलत बदलत पोचले तेव्हा तुम्हाला ओट्यावर ठेवलेलं होतं. मोटार दारातच, दारं उघडी, मागची मखमल चुरगळलेली. पेट्रोलचा डबा तसाच बंद, पायरीवर. मी उंबऱ्याशी येते तोच सुखदेव माझ्या पायावर पडला. "वहिनी, म्या उशीर केला. म्या उशीर केला." मी त्याला उठवलं. त्याच क्षणी काट्याकडे नजर गेली. लाल, सरळ, रिकाम्यावर. तुम्ही तो मोकळा केला नव्हता, नाहीतर पेट्रोलला कोणी पळालंच नसतं. म्हणजे सुखदेवला सांगितलंही नव्हतंत. तुम्हाला मी तिथेच, तिरडीपाशी, मनातल्या मनात काय काय म्हणाले ते तुम्ही ऐकलं असतं तर पुन्हा मेला असतात.

मग गाव सुखदेवच्या मागे लागलं. ठेकेदाराचा सडकेचा तळ काय लांब आहे, जाऊन यायला इतका वेळ लागतो? "सायकलवर निजला होता काय बे?" पारावर कोणी त्याच्याजवळ बसेना. गोदामावशीसारखी बाईसुद्धा म्हणाली, भाऊनं त्याले पाठच्या भावासारखं वागवलं अन् त्यानं असं केलं. तो मान खाली घालून सगळं ऐकून घ्यायचा. दर दोन दिवसांनी भाजी मात्र आणून ठेवायचा.

मी पेचात पडले. खरं सांगितलं तर तो उशिराच्या पापातून सुटेल, कारण पेट्रोल आणायला जायची गरजच नव्हती. पण मग त्याला हेही कळेल की कौसल्या वाचली असती. एक ओझं उतरवायचं आणि दुसरं, त्याहून भारी, डोक्यावर द्यायचं. गप्प राहिले तर तो जन्मभर तुमचा मारेकरी म्हणून जगणार. जेवताना हाच विचार, शाळेत पाढे म्हणून घेताना हाच. शेवटी ठरवलं, खोटं बोलायचं, पण अर्धंच. काटा खिळवला होता हे सांगायचं, आणि कधीपासून म्हणून विचारलं तर म्हणायचं, गेल्या दिवाळीपासून. कौसल्या त्याच्या कितीतरी आधी गेलेली.

पण नुसत्या सांगण्यावर तो विश्वास ठेवणार नाही. तुमच्यावर देवासारखी श्रद्धा त्याची. म्हणून मीटर मीच काढलं. तेच मांजरपाट अंथरलं, काच उचकटली. पिन चुलीत तापवून काट्याच्या पोटाखाली टेकवली. चपडा धुरासारखा वास सोडून मऊ झाला आणि काटा सुटला. तुम्ही जोडलेलं टोक मात्र हललं नाही. इतकी सुंदर जोडणी! हात होता हो तुमचा. मीटर परत बसवून चाबी फिरवली. काटा थरथरला आणि हळूहळू चढत निम्म्याच्या पुढे जाऊन थांबला. तिथे, तुमच्या जागेवर बसून, मी थोडी रडले. तेवढंच काय ते रडणं.

सुखदेवला निरोप धाडला. तो आला, पिशवीत वांगी घेऊन. त्याला गाडीत बसवलं. चाबी फिरवली. काटा चढला. तो बघत राहिला.

"सुखदेवभाऊ, तुम्ही उशीर केला नाही. गाडीत पेट्रोल होतं. यांनीच काटा चिकटवून ठेवला होता."

मी दिवाळीचं वाक्य जिभेवर तयार ठेवलं होतं. त्याने विचारलंच नाही.

"मले मालूम हाय, वहिनी."

"काय मालूम आहे?"

"काट्याचं. कौसल्या गेल्यावर पुढच्याच बाजारी, भाऊ टाकीत तुराटी बुडवून राह्यले होते. म्या पाह्यलं. तुराटी अर्धी ओली निघाली. आदल्या बाजारानंतर भाऊ पंपावर गेलेच नव्हते." तो काट्यावरची नजर काढेना. "तोवर मले वाटे, भाऊ बाजारापुरतंच पेट्रोल टाकतात, म्हणून काटा खाली. मंग मले समजलं."

"आणि तरी तुम्ही यांच्या शेजारी बसून बाजाराला जात राहिलात?"

"हाव."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी भाऊ काट्याकडं बोट करून राह्यले होते. म्या काटा पाह्यला. रिकाम्यावर होता." त्याने स्वतःच चाबी बंद केली. "डबा लवकरच भेटला, वहिनी. येताना नाल्यापाशी बसलो."

"बसून काय केलंत?"

"काई नाई. बसलो. म्या तुमच्या पायावर पडून सांगतलं होतं नं, उशीर केला म्हणून. तुम्ही उठवलं मले."

मी त्याला शिव्या दिल्या नाहीत आणि चहाही विचारला नाही. तो वांगी पायरीवर ठेवून गेला. संध्याकाळी त्याच वांग्यांचं भरीत केलं आणि भाकरीबरोबर खाल्लं. तुमच्या मारेकऱ्याच्या मळ्यातली वांगी, आणि चवीला नेहमीसारखीच. मग मध्येच तुमचा तो थापा मारणारा हात डोळ्यांपुढे आला आणि ताट सरकवून दिलं. तुम्ही वाईट होतात, पण तुम्ही माझे होतात. त्याने तुम्हाला तसं ठेवून नाल्यावर बसायला नको होतं. आणि तुम्ही कौसल्याला तसं परत धाडायला नको होतं. दोन्ही म्हणते आणि दोन्हींनी काही होत नाही.

काल शाळेच्या व्हरांड्यात तुमची शोकसभा झाली. फोटोला हार, उदबत्ती. दुकानदारांपैकी एकजण बोलला, "भाऊनं कधी कोणाले नाही म्हटलं नाही. गाडीत पेट्रोल नसलं की त्याइच्या जिवाले लागायचं." बाया डोळे पुसत होत्या. सुखदेव सगळ्यांच्या मागे, खांबाला टेकून, एकटा. त्याच्या शेजारची सतरंजी रिकामी होती.

हेडमास्तर म्हणाले, बाई, दोन शब्द बोला. महिनाभर मी याच संधीची वाट पाहत होते. सगळ्या गावापुढे सांगायचं होतं, तुमच्या भाऊंचा काटा खोटा होता. आता सांगता येईना. काटा खोटा, हे गावाला कळलं की पहिला प्रश्न त्यालाच विचारणार, जो इतकी वर्षं त्या काट्याशेजारी बसून बाजाराला गेला. तू कसा फसलास बे? आणि तो खरं सांगून मोकळा होईल, हे मला माहीत आहे. तेव्हा त्याला जगू द्यायचं तर तुमचं खोटं मला जपायला हवं, मरेपर्यंत. असे सुटलात तुम्ही. ज्याने तुम्हाला मारलं त्याच्यापायी तुमचं नाव शाबूत राहणार आहे.

मी उभी राहिले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाले, "यांच्यासारखा माणूस पुन्हा होणे नाही." सगळा व्हरांडा हुंदके द्यायला लागला. माझा आवाज जरासुद्धा कापला नाही. शेवटी बायको तुमचीच.